वाचकांचे प्रश्न : लुकलुकता ठिपका उडी मारतो तेव्हा

लुकलुकणारे दिवे, फिरणारी यंत्रं आणि डोळ्यांना होणारे भास यांवर आलेल्या पत्रांपैकी काही एकत्र घेतली आहेत. प्रश्न वरवर वेगवेगळे आहेत, पण मुळाशी एकच गोष्ट आहे. दृष्टीच्या बहुतेक पेशी उजेडापेक्षा उजेडातल्या बदलाला जास्त उत्तर देतात. आणि बदल सरकला की जागच्या जागी झाला, हे त्यांना वेगळं शोधून काढावं लागतं.

प्रश्न : एकाच जागी लुकलुकणाऱ्या दिव्यात हालचाल दिसत नाही. तोच दिवा लुकलुकता लुकलुकता बाजूला उडाला की लगेच दिसते. दोन्हीकडे उजेड तर सारखाच कमी-जास्त होतो. मग हा फरक कोणती पेशी करते? (जीवशास्त्राची विद्यार्थिनी, पुणे)

एक पेशी करत नाही, पेशींची जोडणी करते. १९३८ साली हार्टलाइनने बेडकाच्या दृक्-चेतातंतूंमध्ये तीन प्रकार वेगळे काढले. काही तंतू उजेड लागताच स्पंद (विजेचे छोटे ठोके) देतात, काही विझताच आणि काही दोन्ही वेळा. दहा हर्ट्झने, म्हणजे ५० मिलिसेकंद चालू आणि ५० मिलिसेकंद बंद असा लुकलुकणारा ठिपका अशा पेशीच्या ग्राहीक्षेत्रात (दृश्याच्या ज्या तुकड्याला ती उत्तर देते त्यात) ठेवला, तर ती प्रत्येक फेरीला ठरावीक उशिराने स्पंदांची छोटी सर देते. त्यात दिशेची काहीच माहिती नसते. दृष्टिपटलावरच्या शेजारच्या दोन जागांवर काय झालं, याची तुलना केल्याशिवाय दिशा कळत नाही.

ही तुलना कशी होत असावी, याचा आराखडा हासेनश्टाइन आणि रायशार्ट यांनी १९५६ मध्ये भुंगेऱ्यावरच्या प्रयोगांतून मांडला. शेजारशेजारच्या दोन जागा घ्या, अ आणि ब. अ कडून आलेला संकेत थोडा थोपवून धरायचा आणि ब कडून आलेल्या ताज्या संकेताशी गुणायचा. उलट दिशेसाठी ब चा संकेत थोपवून अ च्या ताज्या संकेताशी गुणायचा. मग एका गुणाकारातून दुसरा वजा करायचा. ठिपका फक्त अ वर लुकलुकत असेल, तर ब कडून काही येत नाही आणि दोन्ही गुणाकार शून्य. अ आणि ब दोन्ही एकदम लुकलुकत असतील, तर दोन्ही गुणाकार सारखे येतात आणि वजाबाकीत उडून जातात. अ विझून लगेच ब उजळला, तर थोपवलेला अ आणि ताजा ब एकाच वेळी पोचतात, एक बाजू भरते आणि दुसरी रिकामी राहते. हेच दिशेचं उत्तर. सशाच्या दृष्टिपटलात १९६५ मध्ये बार्लो आणि लेव्हिक यांना सापडलेल्या दिशादर्शी पेशी जरा वेगळ्या वाटेने जातात. तिथे नको असलेल्या दिशेकडून येणारा संकेत पेशीला आधीच दाबून टाकतो. पण दोन जागा आणि मधला उशीर या दोन गोष्टी तिथेही लागतातच.

आता लुकलुकीमुळे होणारा खरा गुंता. उडी कोणत्या क्षणी पडली, यावर उत्तर बदलतं. ठिपका चालू असतानाच सरकला, तर अ विझणं आणि ब उजळणं एकाच वेळी होतं आणि पेशीचं उत्तर जोरदार येतं. ठिपका बंद असताना सरकला, तर उडी कोणीच ‘पाहिलेली’ नसते. पेशीच्या लेखी अ वरची शेवटची चमक आणि ब वरची पहिली चमक, एवढंच घडलं. दहा हर्ट्झला मधला अंधार ५० मिलिसेकंदांचा असल्याने ते अजून जुळतं. चार हर्ट्झला तोच १२५ मिलिसेकंदांचा होतो. तोवर अ चा थोपवलेला संकेत विरून गेलेला असतो आणि ‘एक दिवा गेला, दुसरा आला’ एवढंच उरतं. वेर्थहायमरने १९१२ मध्ये माणसांवर केलेल्या निरीक्षणांशी हे जुळतं. दोन चमकांमध्ये साधारण ३० मिलिसेकंद असले तर त्या एकदमच वाटतात, ६० च्या आसपास सुरेख हालचाल दिसते आणि २०० ला एकामागून एक अशा दोन सुट्ट्या चमका दिसतात.

याहून गमतीचा प्रकार राखाडी पार्श्वभूमीवर होतो. ठिपका पांढरा-काळा-पांढरा असा पालटत असेल आणि नेमका पालटण्याच्या क्षणीच उजवीकडे सरकला, म्हणजे डावीकडे पांढरा होता तो उजवीकडे काळा होऊन उगवला, तर गुणाकाराचं चिन्ह उलटं होतं (राखाडीहून उजळ ते अधिक, गडद ते उणे). हालचाल डावीकडे झाल्यासारखी दिसते! ॲन्स्टिसने हे १९७० मध्ये दाखवलं. माशीच्या आणि माकडाच्या दिशादर्शी पेशींच्या नोंदींमध्येही उत्तर तसंच उलटतं. भासाची मुळं पेशीत सापडण्याची इतकी स्वच्छ उदाहरणं फार नाहीत.

माकडाच्या मेंदूत ही निवड पायरीपायरीने होते. प्राथमिक दृक्-बाह्यकातल्या (डोळ्यांचे संकेत मेंदूच्या पृष्ठभागावर जिथे आधी पोचतात त्या भागातल्या) पुष्कळ पेशी जागच्या लुकलुकीलाही भरपूर उत्तर देतात. जागच्या जागी पालटणारी पट्ट्यांची जाळी गणिताने पाहिली, तर विरुद्ध दिशांना सरकणाऱ्या दोन जाळ्यांची बेरीज असते. दिशादर्शी पेशीला त्यातली आपल्या दिशेची अर्धी बाजू मिळते आणि ती ‘हो’ म्हणते. पुढच्या एमटी या हालचाल ओळखणाऱ्या भागात विरुद्ध दिशा एकमेकींना दाबतात, त्यामुळे नुसत्या लुकलुकीचं उत्तर बरंच पडतं. उडी पसंतीच्या दिशेने पडली, की साधारण ५० ते ८० मिलिसेकंदांनी तिथे स्पंदांची सर दिसते.

प्रश्न : लेथवर चार जबड्यांचा चक (काम पकडून फिरवणारा भाग) फिरत असताना कधी कधी थांबल्यासारखा दिसतो. नवीन पोरं हात पुढे करतात. दिव्यांचा दोष की डोळ्यांचा? (वर्कशॉप सुपरवायझर, इचलकरंजी)

दिव्यांचा. डोळे मिळालेल्या माहितीचा बरोबर अर्थ लावतात, माहितीच तुटक आहे.

आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून तांब्याच्या चोकवरची ट्यूब किंवा साधा स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. चक १५०० आरपीएमवर असेल, तर सेकंदाला २५ फेरे. दोन चमकांमध्ये बरोबर पाव फेरा होतो आणि चार जबडे एकमेकांच्या जागी येतात. वर सांगितलेल्या तुलना करणाऱ्या पेशींना अ वर जबडा, पुन्हा अ वर जबडा, एवढंच मिळतं. तीन जबड्यांचा चक २००० आरपीएमला असाच फसवतो. १४८० वर चार जबड्यांचा चक मिनिटाला २० फेऱ्यांनी उलटा फिरताना दिसेल, कारण प्रत्येक चमकेला जबडा पाव फेऱ्याला थोडा कमी पडतो आणि पेशी जवळात जवळच्या जागेशी जोडी लावते.

ट्यूब पूर्ण विझत नाही, आतला लेप थोडा उजेड धरून ठेवतो. त्यामुळे तिथे स्थिर चक आणि धूसर वर्तुळ यांचं मिश्रण दिसतं. ज्यात कपॅसिटर नाही किंवा तो मेलेला आहे असा एलईडी मात्र जवळजवळ काळा होतो, आणि तो जास्त धोकादायक. तपासायला मोबाईलचा स्लो-मोशन व्हिडिओ, २४० फ्रेमचा, पुरेसा आहे. दिवा धडधडताना दिसला तर तो मशीनवर नको.

उपाय असे. शेजारशेजारचे दिवे आर, वाय, बी या तीन फेजवर वाटा, म्हणजे एक मंद असतो तेव्हा दुसरे भरात असतात. ट्यूबला इलेक्ट्रॉनिक चोक लावा, तो २० किलोहर्ट्झच्या वर चालतो. मशीनवरचा दिवा चांगल्या कॉन्स्टंट-करंट ड्रायव्हरचा घ्या. आणि चकला गार्ड हवाच. दिवे कितीही सुधारले तरी त्यातून सूट नाही.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात हे मुलांना दाखवता येईल का? बजेट कमी आहे. (शिक्षक, रत्नागिरी जिल्हा)

येईल. एक आर्डुइनो ऊनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), ५ मिलिमीटरचे तीन लाल एलईडी, एक किलोओहमचे तीन रेझिस्टर, ब्रेडबोर्ड आणि काळा कार्डबोर्ड.

एलईडीचे लांब पाय रेझिस्टरमधून पिन ८, ९ आणि १० ला, आखूड पाय ग्राउंडला. अनेक नकाशांत २२० ओहम दिलेला असतो. तो इथे नको, त्याने १३-१४ मिलिअँपिअर जातात, मंद खोलीत दिवा टोचतो आणि डोळ्यात प्रतिमा मागे रेंगाळते. एक किलोओहमला सुमारे ३ मिलिअँपिअर जातात, तेवढे पुरे. कार्डबोर्डला एका ओळीत, एकमेकांपासून १ सेंटिमीटरवर, ३ मिलिमीटरची तीन भोकं पाडा आणि एलईडी मागून बसवा. मूल १ मीटरवर बसलं, की एक उडी साधारण अर्ध्या अंशाची होते.

मधला एलईडी ५० मिलिसेकंद चालू, ५० बंद असा आठ वेळा लुकलुकवा. मग त्याच ठेक्यात डावा किंवा उजवा. कोणता, ते प्रोग्रॅमला यदृच्छया ठरवू द्या. नेहमी उजवाच लावला तर मुलांची नजर आधीच तिकडे जाऊन बसते. दुसऱ्या प्रकारात मधल्याची आठवी चमक २५ मिलिसेकंदांवर तोडा आणि उरलेले २५ शेजारच्याला द्या. तिसऱ्यात सगळं १२५-१२५ करा. चौथ्यात मधला आणि शेजारचा एकदम लुकलुकवा. पहिल्या दोहोंत ठिपका उडताना दिसतो, दुसऱ्यात जास्त सफाईने. तिसऱ्यात उडी ढिली पडते, चौथ्यात हालचाल नाहीच. मुलांना फक्त ‘डावीकडे की उजवीकडे’ आणि ‘सरकला की नुसता बदलला’ एवढंच विचारा. मोठी वर्णनं मागितली की एकमेकांचं ऐकून सांगतात.

बिघडतं कुठे? पूर्ण अंधारात एकटा ठिपका आपोआप तरंगल्यासारखा दिसू लागतो आणि प्रयोगाची वाट लागते. म्हणून खोली मंद ठेवा आणि भोकांभोवती पांढऱ्या कागदाची चौकट चिकटवा. तीन एलईडींचा उजेड सारखा नसेल तर मुलं सरकणं न सांगता ‘मोठा झाला’ असं सांगतात. जास्त तेजस्वी असेल त्याचा रेझिस्टर वाढवा. लुकलुकीच्या मध्ये संगणकाकडे मजकूर पाठवणाऱ्या ओळी ठेवू नका. ९६०० बॉडला एका अक्षराला साधारण १ मिलिसेकंद लागतो, आणि आतली ६४ अक्षरांची जागा भरली की प्रोग्रॅम तिथेच अडतो. ठेका कुठे चुकला ते मग सापडत नाही.

एक अट कडक पाळा. फिट्स येणाऱ्या मुलांना यात बसवू नका, आणि साधारण ५ ते ३० हर्ट्झच्या पट्ट्यात मोठा, झगझगीत दिवा कुणालाच दाखवू नका. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लुकलुकीने (साधारण १२ हर्ट्झ) शेकडो मुलं रुग्णालयात गेली होती. आपला ठिपका छोटा आणि मंद आहे, तरी पालकांना आधी विचारलेलं बरं.

प्रश्न : ट्यूबलाइटची लुकलुक माशीला दिसते का? (पालक, सातारा)

हो. मोठ्या निळ्या-हिरव्या माशीच्या प्रकाशग्राही पेशी सेकंदाला २०० हून अधिक बदल पकडू शकतात, तेव्हा १०० हर्ट्झची ट्यूब तिच्यासाठी फडफडतीच. आपल्या शंकुपेशी भरपूर उजेडात साधारण ६० हर्ट्झपर्यंत आणि दंडपेशी मंद उजेडात १५ च्या आसपास दम टाकतात.

प्रश्न : ठेक्यात लुकलुकणारा दिवा अचानक दुसरीकडे गेला, तर जुन्या जागेच्या पेशींचं काय होतं? त्या नुसत्या गप्प होतात का? (निवृत्त प्राध्यापक, नागपूर)

गप्प होत नाहीत, निदान सगळ्या तरी. २००७ मध्ये सॅलमँडर आणि उंदराच्या दृष्टिपटलावर ठेक्यात चमका दाखवून मधेच त्या थांबवल्या गेल्या. काही गुच्छिका पेशी (दृष्टिपटलातून मेंदूकडे संकेत पाठवणाऱ्या) चमका चालू असताना जवळजवळ शांत होत्या. चमक यायची होती ती आली नाही, तेव्हा त्यांनी जोराने स्पंद दिले. उत्तराची वेळ शेवटच्या चमकेपासून ठरत नव्हती. न आलेली चमक जेव्हा अपेक्षित होती, तिथून ती मोजली जात होती. ठेका बदलला की उत्तरही तितकंच सरकायचं. हे मेंदूचं काम नाही. डोळ्यातून काढून वाटीत ठेवलेल्या पटलाच्या तुकड्यानेच ते केलं.

याचा आपल्या उडीशी संबंध असा की, ठिपका अ वरून ब वर गेला तर अ जवळच्या अशा पेशी ‘चुकली’ म्हणू शकतात आणि ब जवळच्या ‘आली’ म्हणतात. शिवाय अ च्या पेशी काही सेकंद लुकलुक सोसून उत्तराची पट्टी खाली आणतात. याला अनुकूलन म्हणतात. ब च्या पेशी ताज्या असतात. म्हणून ब वरची पहिली चमक दुसरी-तिसरीपेक्षा ठळक उमटते. लुकलुक नसलेल्या ठिपक्यांवरही दृष्टिपटल अचानकपणाला असाच वेगळा मान देतं. सरकणारी पट्टी एकदम उलटी फिरली की आसपासच्या पेशी एकाच वेळी स्पंदांचा झोत देतात. स्थिर पट्टी अचानक चालू लागली तर तिथलं उत्तर ती सरळ चालत आली असती त्यापेक्षा मोठं येतं.

प्रश्न : रात्री हायवेवर नजर फिरवली की पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांची लाल टिंबांची रांग दिसते. डोळे तपासून घेऊ का? (चालक, नाशिक)

नजर फिरवतानाच दिसत असेल तर नको. ते दिवे सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करून मंद केलेले असतात. नजर सेकंदाला ४०० अंशांनी झेपावली आणि दिवा २०० हर्ट्झचा असला, तर दृष्टिपटलावर दर २ अंशांवर एक टिंब पडतं. एरवी झेपेच्या वेळचं दृश्य मेंदू दाबून टाकतो, पण काळ्या रात्रीत तेजस्वी लाल टिंबं त्या दाबातूनही निसटतात. प्रयोगांमध्ये हा प्रकार काहींना जवळजवळ २ किलोहर्ट्झपर्यंत दिसला आहे. नजर स्थिर असताना चमका दिसल्या, कडेला विजेसारखं काही दिसलं किंवा अचानक काळे ठिपके वाढले, तर मात्र त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर १० हर्ट्झने लुकलुकणारा ठिपका दाखवून तो अचानक सरकवतो आणि पेशींचे स्पंद नोंदवतो. उडी तीच, जागा तीच, तरी उत्तर दर वेळी वेगळं येतं. सरासरी काढली तर सगळं सपाट होतं. (संशोधक विद्यार्थी, मुंबई)

सरासरी काढण्याआधी उडी लुकलुकीच्या कोणत्या फ्रेमवर पडली, त्याप्रमाणे नोंदी वेगळ्या करा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर १० हर्ट्झची एक फेरी म्हणजे ६ फ्रेम, ३ चालू आणि ३ बंद. म्हणजे टप्पेही ६च. प्रत्येक टप्प्याच्या किमान ३० नोंदी घ्या. तुमच्याकडे चालू असतानाच्या आणि बंद असतानाच्या उड्या एकत्र झाल्या आहेत, एवढंच बहुधा घडलं आहे. मग प्रत्येक टप्प्यातून त्याच टप्प्यावरची ‘न उडता लुकलुकणारा ठिपका’ ही नोंद वजा करा. सगळ्या लुकलुकीची सरासरी वजा केलीत तर उडीच्या उत्तरात फेरीची लाट शिल्लक राहील. लुकलुक नसलेल्या ठिपक्याची उडी, हे तिसरं नियंत्रणही घ्या.

हवी ती वारंवारता या पडद्यावर मिळत नाही, हे लक्षात असू द्या. २५ हर्ट्झ अशक्य. १२ हर्ट्झ म्हणजे ५ फ्रेम, त्यात चालू आणि बंद सारखे होणारच नाहीत. सारखे हवेत तर ३०, १५, १० किंवा ७.५. यातही १० टाळा. ५० हर्ट्झ हा १० चा पाचपट असल्याने विजेचा गुणगुणाट प्रत्येक फेरीला जवळजवळ त्याच जागी येतो आणि सरासरीत मरत नाही, उलट उत्तरासारखा दिसू लागतो. स्थानिक क्षेत्रविभव (एका पेशीचे स्पंद नव्हे, आसपासच्या पेशींची एकत्रित विद्युत लहर) नोंदवत असाल तर हे फार महागात पडतं. ७.५ हर्ट्झला तो फेरीगणिक सरकतो आणि पुरेशा नोंदींत पुसला जातो. पडद्याच्या स्वतःच्या ६० हर्ट्झवरही पेशी कुलूपबंद होतात. मांजराच्या पार्श्व गुडघाकार पिंडात (डोळा आणि बाह्यक यांमधल्या टप्प्यावर) आणि बाह्यकात हे १९९५ मध्येच दाखवलं गेलं आहे. जमलं तर १२० हर्ट्झचा किंवा त्याहून वेगवान पडदा घ्या.

सॉफ्टवेअर सांगतं त्या वेळेवर विसंबू नका. पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकोन ठेवा आणि तो उडीच्या फ्रेमला पांढरा करा. त्यावर बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड चिकटवून त्याचा संकेत नोंदणीच्याच एका वाहिनीत द्या. एलसीडीला पांढऱ्याचा काळा व्हायला वेगळा आणि काळ्याचा पांढरा व्हायला वेगळा वेळ लागतो. मंद ठेवलेला बॅकलाइट अनेक पडद्यांत स्वतःच लुकलुकतो, म्हणून ब्राइटनेस पूर्ण ठेवा आणि ठिपका मंद करायचा तर प्रोग्रॅममधून करा.

ग्राहीक्षेत्र आधी मोजून घ्या. अ आत आणि ब बाहेर पडला, तर पेशी हालचालीला नव्हे, ठिपका निघून जाण्याला उत्तर देते. प्राथमिक बाह्यकात केंद्राजवळची क्षेत्रं एका अंशाहून लहान असतात, तिथे एका अंशाची उडी बहुतेकदा बाहेरच पडते. एमटीतली क्षेत्रं त्याच्या साधारण दहापट असतात, म्हणून एकच उडी दोन्ही भागांसाठी वापरू नका. उडीआधीची लुकलुक दर वेळी किमान ३ सेकंद ठेवा, म्हणजे अनुकूलन सारखं राहील, आणि त्यापुढे १ ते २ सेकंदांत उडीची वेळ यदृच्छया बदला. प्राणी जागा असेल तर उडीनंतर १५० मिलिसेकंदांपुढचं उत्तर मोजू नका. त्यानंतर डोळाच ठिपक्याकडे झेपावतो आणि तुमच्या नोंदीत ठिपक्याची नव्हे, डोळ्याची हालचाल येते.